नव्या कपाचा मान

आमच्या कडूबा भाऊजींना माईक दिसला की अंगात येतं. कुणाचा सेवापूर्तीचा सत्कार असो, कुणाच्या लेकराचं नाव ठेवायचं असो, विहारातला कार्यक्रम असो की सतरा सप्टेंबरचं, मुक्तिदिनाचं झेंडावंदन, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून भाऊजी पहिल्या रांगेत हजर. कुणी नाव पुकारायच्या आत उठून उभे. भाषण मात्र एकच. लेकरू वाढावं तर आपल्या देशात, आणि त्यातही आपल्या गावात. इथं अख्खं गाव लेकराला वाढवतं. परदेशात शेजारचा माणूस मेला तरी वास सुटल्याशिवाय कळत नाही. या वासाच्या वाक्याला हमखास टाळ्या पडतात. मी हे भाषण इतक्या वेळा ऐकलंय की मधेच वीज गेली तर पुढचं मी पूर्ण करू शकेन.

मी उषाबाई. भाऊजी म्हणजे माझ्या मालकांच्या चुलत्याचा मुलगा, नात्यानं दीर. मी जन्मभर या गावच्या अंगणवाडीत सेविका होते. दोन पिढ्यांची लेकरं वजनकाट्याला लटकवून तोललीत, त्यामुळे इथं लेकरं कशी वाढतात हे मला कुणी माईकवरून सांगू नये, असं माझं सरळ म्हणणं आहे.

मुळात भाऊजींचं नावच त्यांच्या भाषणाला खोडून काढतं. त्यांची आई झुंबरबाई. तिची आधीची लेकरं पाळण्यातच गेली. आमच्या भागात अशा वेळी रीत अशी, की पुढच्या लेकराचं नाव वाईटसाईट ठेवायचं. कडूबा, केरबा, दगडू, असं काहीतरी. म्हणजे मरणाला त्या लेकराची चव लागू नये. म्हातारीनं कडूबा ठेवलं आणि मरणानं खरंच तोंड लावलं नाही. ज्या गावात लेकरू जगावं म्हणून त्याला कडू म्हणावं लागलं, त्या गावाचे गोडवे हा माणूस जन्मभर गात फिरला.

आणि तेही लांबून. भाऊजी एसटीत कंडक्टर, अंबड डेपोला. लग्न झालं, ज्योत्स्ना झाली, आणि पोर नीट चालायला लागायच्या आत त्यांनी अंबडला खोली केली. कारण सांगायचे नोकरीचं. आता अंबड-शहागड गाडी रोज आमच्या फाट्यावर थांबायची आणि त्याच गाडीत हे तिकिटं फाडत उभे असायचे, तरी कारण नोकरीचं. त्यांची बायको बेबीनंदा माझी जिवाभावाची. ती मला खरं सांगायची. ह्यांना लेक गावातल्या शाळेत घालायची नव्हती. पहाटे ज्योत्स्नाला उठवून पुस्तकापुढं बसवायचे आणि म्हणायचे, शिकलीस तर सुटशील. कशातून सुटशील, ते काही सांगायचे नाहीत. मग दुपारी कुठंतरी जाऊन गावातल्या बालपणावर भाषण ठोकून यायचे. आपली लेक काखोटीला मारून पळायचं आणि दुसऱ्यांच्या लेकरांना तिथंच वाढा म्हणून सांगायचं, याला कलेजा लागतो.

ज्योत्स्ना शिकली, नर्स झाली, आणि सुटली ती थेट आयर्लंडपर्यंत. नवरा राजानंद मंठ्याचा, तोही तिकडंच कामाला. साक्षी तिकडंच झाली, तिकडंच शाळेत जायला लागली.

रिटायर झाल्यावर भाऊजींनी गावात, आमच्या भीमनगरात, स्लॅबचं घर बांधलं. पाठोपाठ बेबीनंदा गेली. एवढ्या घरात माणूस एकटा. सकाळी एक भाकरी करायची, अर्धी संध्याकाळी खायची. नातीविना करमत नाही, असं त्यांनी सरळ म्हटलं असतं तर सगळ्यांत आधी मी डोळ्याला पदर लावला असता. पण सरळ बोलतील तर ते कडूबा भाऊजी कसले. त्यांनी रोज संध्याकाळी फोनवर लेकीला तेच भाषण सुरू केलं. साक्षीला इकडं ठेव. तिकडं तुमच्या दोघांच्या ड्युट्या, लेकरू शाळेतून येऊन परक्याच्या दारात बसतं. त्याला ना भाषा, ना माणसं. इथं अख्खं गाव आहे.

रोज ऐकून ऐकून ज्योत्स्ना डळमळली. तिच्याही जिवाला ते लागत होतंच. तिनं एकच गोष्ट विचारली. मी तेव्हा तिथंच तूर निवडत बसले होते.

"बाबा, तिला तिथं कुणी काही म्हणणार न्हाई ना?"

"तसलं सगळं संपलं, ज्योती," भाऊजी म्हणाले. "बिलकुल संपलं. बद्री अन् म्या एका ताटात जेवलेलो हावोत."

जूनच्या अखेरीस मायलेकी आल्या. ठरलं असं, की ज्योत्स्ना मंठ्याला सासरी राहील आणि साक्षी आजोबांजवळ. तिकडच्या शाळेची सुट्टी संपेपर्यंत पोरगी रमली, तर मोठ्या शाळेत जाईपर्यंत तिला इथंच ठेवायची. नाही रमली, तर आईबरोबर परत. भाऊजींनी माळ्यावरची जुनी खाट उतरवून तिच्यासाठी रंगवून घेतली. गुलाबी रंग. निकाल लागायच्या आधीच खाट तयार.

मग सुरू झाला बालपणाचा कार्यक्रम. भाऊजींनी जन्मभर ज्याची भाषणं केली ते बालपण आता नातीला दाखवायचं होतं, आणि तिथं पंचाईत झाली. चिंचेखाली न्यावं तर चिंच रस्ता मोठा करताना गेली. गोदावरीवर न्यावं तर वाळू उपसून उपसून पात्रात असे खड्डे झालेत की पोरांना तिकडं कुणी फिरकू देत नाही. विटी-दांडू भाऊजींनी स्वतः बाभळीचा तासला, हाताला फोड आणले, पण खेळायला पोरंच नाहीत. आमच्या गावची पोरं सकाळी टाय लावून पिवळ्या बसमध्ये बसतात आणि इंग्रजी शाळेत जातात. संध्याकाळी येतात, ती दप्तर बदलून शिकवणीला. अख्खं गाव लेकराला वाढवतं म्हणतात, त्यातलं अर्धं गाव भुसार बाजारात बसलेलं असतं आणि उरलेलं मोबाईलमध्ये. साक्षी बिचारी दांडू हातात घेऊन ओट्यावर बसायची आणि आबा, आता कोण येणार, असं विचारायची.

शेवटी पोरं आली, पण विटी-दांडूसाठी नाही. साक्षीजवळ तिकडची मोठी पाटी होती, बोट फिरवलं की खेळ सुरू होणारी. ती बातमी गावात पसरली आणि शिकवणी बुडवून पोरं भाऊजींच्या ओट्यावर गोळा झाली. सगळी डोकी त्या पाटीत. भाऊजींनी लगेच मंठ्याला फोन लावला आणि छाती फुगवून सांगितलं, लेकरं कशी जमलीत बघ, खेळून राह्यलेत. मी पाटीकडे बोट दाखवलं, तर मला गप्प बसायची खूण केली.

त्या घोळक्यात एक शालू होती. बद्रीनाथरावांची नात. साक्षीची आणि तिची गट्टी जमली.

आता हे बद्रीनाथराव म्हणजे भाऊजींच्या भाषणातला मुख्य पुरावा. गावातले जुने जमीनदार, मोसंबीची बाग, दारात ट्रॅक्टर. भाऊजींचे वर्गमित्र. एका ताटात जेवलो, हे भाऊजी सांगतात ते खोटं नाही. जेवले होते, पण बागेत, आणि ताट म्हणजे केळीचं पान. घरातल्या ताटाचा विषय कधी निघाला नाही. बद्रीनाथराव माणूस दिलदार. बेबीनंदा आजारी होती तेव्हा स्वतःच्या गाडीनं तिला जालन्याला नेलं, हे मी विसरणार नाही. पण भाऊजींकडं येऊन बसले आणि चहाचं विचारलं, की त्यांची शुगर वाढते. ती फाट्यावरच्या हॉटेलात वाढत नाही, अंबडच्या कोर्टापुढच्या गाड्यावर वाढत नाही. आमच्या गल्लीतच वाढते. आणि भाऊजी त्यांच्या वाड्यावर गेले की ओट्याच्या कडेला टेकतात आणि चहा यायच्या आत तंबाखूचा बार भरतात. तोंडात तंबाखू असताना चहा कसा घ्यायचा. एकाची शुगर आणि एकाची तंबाखू, यावर दोघांची मैत्री पन्नाशी ओलांडून गेली. मग दोघं मिळून फाट्यावर जातात आणि हॉटेलात एकाच बाकावर बसून चहा पितात. डोळ्यांवर एवढी मोठी पट्टी इतकी वर्षं दोघांनी मिळून कशी धरली, याचं मला नवल वाटतं.

साक्षी मात्र शालूकडं रोज जायला लागली. सकाळी डोकं विंचरून घेतलं की चालली. तिकडं वासरू होतं, झोका होता, शालूची आजी पोह्याचे पापड तळायची. पोरगी उन्हात काळवंडली, गुडघे फोडून घेतले, 'मंग' आणि 'न्हाई' बोलायला लागली. तिला ताटातली मिरची सोसायला लागली. भाऊजी मला चिडवायचे, बघा वहिनी, म्या काय म्हणून राह्यलो व्हतो. आणि खरं सांगते, मलाही वाटायला लागलं की आपलंच तोंड वाईट. ते माझ्याकडं बघून हसले की मी मान फिरवायचे, पण पोरीला हसताना बघून माझाही जीव सुखावायचा.

सुट्टी सरत आली तशी ज्योत्स्ना मंठ्याहून आली. निकालाचा दिवस. संध्याकाळी आम्ही सगळे भाऊजींच्या ओट्यावर बसलो. भाऊजींनी पांढरा शर्ट घातला होता. ओट्यावर माईक नव्हता, एवढाच काय तो फरक. त्यांनी घसा साफ केला, आणि मग एकदम त्यांना सुचलं की आज आपण बोलायचं नाही, पोरीनंच बोलावं. म्हणाले, साक्षी, तूच सांग मम्मीला, तुला इथं काय काय आवडलं.

साक्षीनं वासरू सांगितलं, झोका सांगितला. मग एकदम आठवल्यासारखी घरात पळाली आणि गुलाबी खाटेखालून कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीतून तिनं कागदी कप काढले. चहाचे, एकदा वापरून फेकायचे असतात तसले. एकात एक घातलेली चांगली हातभर चळत. प्रत्येक कप धुऊन वाळवलेला, आणि प्रत्येकावर रंगीत पेन्सिलीनं काहीतरी काढलेलं. सूर्य, वासरू, झोका, शालू.

"हे सगळे माझे," ती म्हणाली. "शालूची आजी मला दर वेळी नवा कप देते. शालूला, बाकीच्यांना, सगळ्यांना तेच जुने स्टीलचे ग्लास. फक्त मला नवा. पाण्याला पण वेगळा, दुधाला पण वेगळा. तिकडे शाळेत मला कुणी एवढं स्पेशल करत नाही. मम्मी, मला इथेच राहायचं आहे."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. ज्योत्स्ना त्या कपांकडं बघत राहिली, मग बापाकडं बघितलं. त्यांनी काहीतरी सुरू केलं, की परदेशातली पाहुणी म्हणून, बाहेरचं पाणी, आजारी पडू नये म्हणून, मोठ्या घरातल्या बायका स्वच्छतेचं फार बघतात. नेहमीचा आवाज होता, पण वाक्यं पुरी होईनात.

"बाबा," ज्योत्स्ना म्हणाली, "तुम्ही तर म्हणले व्हते, संपलं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर भाऊजींनी उत्तर दिलं असतं.

साक्षीला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. ती आजोबांच्या मांडीला टेकून उभी राहिली आणि तिनं विचारलं, आबा, तुम्ही लहान होते तेव्हा तुम्हालापण वेगळा कप द्यायचे का?

मला वाटलं आता हा माणूस पुन्हा काहीतरी रचणार. रचलं असतं तर मी तिथल्या तिथं त्यांची खरडपट्टी काढली असती, पोरगी समोर असली तरी.

"देत व्हते न," भाऊजी म्हणाले. "माही करवंटी व्हती. फक्त माही. गोठ्याच्या कोनाड्यात ठेवायचे, दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून."

साक्षीचे डोळे मोठे झाले. करवंटी म्हणजे नारळाची, असं तिनं आईला विचारून घेतलं, आणि आपल्यापेक्षा आजोबांचा थाट मोठा होता हे तिला पटलं. भाऊजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग लेकीकडं न बघता म्हणाले, "घेऊन जाय तिला."

इथं लक्षात घ्या, की भाऊजी जिंकले होते. पोरगी रमली होती, राहते म्हणत होती, खाट तयार होती. जन्मभर जे भाषण दुसऱ्यांच्या लेकरांपुढं केलं, ते त्यांच्या स्वतःच्या नातीला पटलं होतं. आणि त्याच पोरीला आता तेच नको म्हणत होते. ती रडली, पाय आपटले, जेवली नाही. आबा, तुम्हाला मी आवडत नाही का, असंही विचारलं. भाऊजी भिंतीकडं तोंड करून बसले. इतकी वर्षं मी त्यांच्या बडबडीला वैतागले होते, पण त्या दिवशी त्यांनी थोडं तरी बोलावं असं मला फार वाटलं.

जायच्या आदल्या दिवशी बद्रीनाथराव आले. शालूनं दिलेली पोतंभर मोसंबी घेऊन आले होते. नात का चालली, चांगली रमली होती की, असं मनापासून विचारत होते. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. मला वाटतं त्या माणसाला कप ठाऊकही नसतील, आणि ठाऊक असतील तर घरातल्या बायकांचं काम म्हणून त्यांनी कधी बघितलं नसेल. हे जास्त वाईट की कमी, ते माझ्यानं ठरत नाही. भाऊजी म्हणाले, पाणी मानवलं न्हाई तिला. बद्रीनाथरावांनी मान हलवली. मग ते शुगरची वाट बघत बसले. पण भाऊजींनी चहाचं विचारलंच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बद्रीनाथराव थोडा वेळ उगाच टोपी सारखी करत बसले आणि उठून गेले.

फाट्यावर मायलेकींना बसवून द्यायला भाऊजींबरोबर मी गेले होते. गाडी आली ती अंबडहूनच, भाऊजींच्याच डेपोची. त्यांनी बॅगा वर चढवल्या, पोरीला खिडकीजवळ बसवलं, कंडक्टरला दोन शब्द सांगितले. साक्षी रुसलेली, ती बाहेर बघेना. कापडी पिशवी तिनं मांडीवर धरली होती. ज्योत्स्नानं ती पिशवी काढून घ्यायचा प्रयत्न केला नसेल असं नाही, पण पोरीला काय सांगून काढून घेणार. कंडक्टर अजून सुट्ट्या पैशात अडकला होता. भाऊजींनी खालूनच गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, गाडी सोडायची असते तेव्हा मारतात तशा. ड्रायव्हरनं ऐकलं आणि गाडी सुटली. शिकलीस तर सुटशील म्हणून त्यांनी एकीला घालवलं होतं. दुसरीला काहीच न सांगता घालवलं.

त्यानंतर सतरा सप्टेंबर आला. भाऊजी पहिल्या रांगेत बसले होते, शर्टही इस्त्रीचा होता. नाव पुकारलं गेलं. त्यांनी हात जोडले आणि बसूनच राहिले. लोकांना वाटलं तब्येत बरी नाही. दोन-चार जण घरी येऊन विचारून गेले. गावाला भाषणाची सवय झालेली असते.

नंतर एका संध्याकाळी मी त्यांना भाकरीशी खायला वाटीभर कोरड्यास द्यायला गेले, तर ज्योत्स्नाचा फोन चालू होता, चेहरा दिसणारा. साक्षीचा राग गेला होता. ती आनंदात होती आणि सांगण्यासारखं तिच्याजवळ खूप होतं. तिच्या वर्गात प्रत्येकानं आपल्या मूळ देशाबद्दल बोलायचं होतं. मुलं वाढायला तो देश कसा आहे, असा विषय. बाकीच्यांनी झेंडे नेले, खाऊ नेला. साक्षीनं कप नेले. तिनं सगळ्यांना सांगितलं, की आमच्या गावी लहान मुलांना इतका मान असतो, की दर वेळी त्यांच्यासाठी नवा कप काढतात, आणि माझ्या आजोबांसाठी तर नारळाचा खास कप होता, तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. पहिला नंबर आला. बाईंनी कप वर्गाच्या भिंतीवर लावले. तिनं फोटो दाखवला. निळ्या कागदावर ओळीनं चिकटवलेले कप, सूर्य, वासरू, झोका, आणि वर मोठ्या अक्षरात देशाचं नाव.

"आबा, टाळ्या वाजवा ना," ती म्हणाली. "सगळ्यांनी वाजवल्या."

भाऊजींनी फोन माझ्या हातात दिला, म्हणजे दोन्ही हात मोकळे व्हावेत. आणि वाजवल्या.